शंकरप्पांचं रान

माझ्या सासऱ्यांना, शंकरप्पांना, बोलायची आवड नव्हती. दुकानात गिऱ्हाईक आलं की "काय देऊ?" आणि गेलं की "बरं." एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. घरातलं बाकी सगळं बोलायचं काम सासूबाईंनी, म्हणजे जगदेवीबाईंनी, आपल्या अंगावर घेतलं होतं आणि त्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही. त्यामुळं शंकरप्पा वाण्यांनी भर कमिटीत, साहेबाच्या तोंडावर एक शब्द उच्चारला, त्याची गोष्ट मला खुद्द शंकरप्पांनी कधीच सांगितली नाही. ती सासूबाईंनी सांगितली, पुढं पेठेतल्या चार जणांनी सांगितली, आणि तिचा शेवट मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. सासूबाई सांगताना मीठमसाला घालायच्या. जिथं तो फारच झाला असं वाटलं तिथं मी काढून टाकलाय.

आमचा कसबा नळदुर्गाच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या तोंडाशी. राज्य निजामाचं. घरात कानडी, पेठेत मराठी आणि कचेरीत उर्दू असा सगळा कारभार. मामंजींचे वडील बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून कानडी मुलखातून आले आणि इथंच राहिले. पेठेत दुकान टाकलं, घर बांधलं, मठात मान मिळवला. रान मात्र घेतलं नाही. वाण्याला रान कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

वर्षातले बाकी सगळे दिवस हे म्हणणं ठीक होतं. एक दिवस सोडून.

तो दिवस म्हणजे येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे आपापल्या रानात. ज्वारी कमरेला लागलेली असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो. रानात कडब्याच्या पेंढ्या टेकवून खोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांच्यापुढं ताकातल्या आंबिलाचं मडकं, डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या. पूजा झाली की कुणी तरी आंबील शिंपडत रानाला फेरी मारतो आणि मग दिवसभर जेवणं. घरच्यांची जेवणं नव्हेत, पाहुण्यांची. ज्याच्या खोपीत जास्त पाहुणे जेवले त्याची येळवस मोठी.

आणि त्यात एक रीत होती, ती आमच्या कसब्यात फार कडक पाळली जायची. पाहुण्यानं बांधावर थांबायचं. मालकानं हाक मारायची, "या!" घर कानडी असलं तर "बर्री!" मग पाहुण्यानं वहाणा काढून रानात पाय टाकायचा. बोलावल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही आणि ओलांडल्यावर जेवल्याशिवाय परतायचं नाही.

आता ज्याला बांधच नाही त्यानं काय करायचं? त्यानं लोकांच्या बांधावर उभं राहायचं. मामंजी लग्नानंतर कितीतरी वर्षं तसेच उभे राहिले. बहुतेक हिंमतरावांच्या बांधावर. हिंमतराव म्हणजे कसब्यातले मोठे शेतकरी, ओढ्याच्या दोन्ही अंगांना त्यांची जमीन. माणूस वाईट नव्हता, पण हसायला फार लवकर तयार असायचा. एका येळवशीला मामंजी जेवत असताना ते सगळ्यांदेखत म्हणाले, "शंकरप्पा, दरसाल आमच्याकडं जेवता. आम्हाला कधी बोलावणार तुमच्या रानात?"

सगळे हसले. मामंजींनी हातातला उंडा खाली ठेवला नाही, जेवण पुरं केलं. बायकांच्या पंगतीत सासूबाईंना मात्र तो घास गिळेना. घरी जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या साली आपली खोप."

"कुठं?" मामंजींनी विचारलं.

"माळावर."

कसब्याच्या उगवतीला मोठा माळ होता. गायरान, सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. गावची गुरं तिथं चरायची, पोरं तिथं पतंग उडवायची, पलीकडच्या तांड्यावरची माणसं तिथूनच बाजाराला यायची. पुढच्या येळवशीला सासूबाईंनी तिथं खोप घातली. लोकांनी नावं ठेवली. गुरांच्या माळावर पांडव मांडतात का, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "पांडवांना तरी कुठं सवताचं रान व्हतं? ते बी रानोमाळ फिरले."

मग त्यांच्या शेजारी कुंभारणीची, गजराबाईची, खोप उभी राहिली. मग कासारांची, बुरुडांची. मशिदीशेजारच्या अत्तारांच्या घरच्यांनी घोंगडी अंथरली आणि खीर आणली. ज्याला म्हणून रान नव्हतं तो त्या दिवशी माळावर यजमान झाला. एकमेकांना बोलावून जेवू घालायला लागला. मामंजींनी पहिल्या वर्षापासून हिंमतरावांना आमंत्रण द्यायला सुरुवात केली, स्वतः त्यांच्या घरी जाऊन. आणि हिंमतराव दर वर्षी म्हणायचे, "येतो की. पण कुठं उभा राहू, शंकरप्पा? माळाला बांध कुठाय?" परत हसायचे. ते कधी आले नाहीत. मामंजींनी आमंत्रण कधी चुकवलं नाही.

एवढं कळलं म्हणजे पुढचं कळेल.

मामंजी कमिटीत कसे गेले, याची गंमत वेगळीच. कसब्याला म्युनिसिपल कमिटी होती, तिचे मेंबर सरकार नेमायचं. लिंगायतांतला एक जण हवा होता. तहसीलच्या माणसानं पेठेत बघितलं तर शंकरप्पांचा पटका सगळ्यांत पांढरा आणि तोंड सगळ्यांत बंद. नेमून टाकलं. कमिटीचं काम उर्दूत चालायचं. पेशकार, म्हणजे कचेरीतला कारकून, ठराव वाचायचा, मग बसल्या क्रमानं एकेकजण म्हणायचा, "मंजूर." हिंमतराव अध्यक्ष म्हणून बसणाऱ्या साहेबांच्या उजव्या हाताला, पहिले. मग वकील, कापडवाले, शाळेचे मास्तर. मामंजी दाराशी, शेवटचे. त्यांच्यापर्यंत येईस्तोवर पेशकारानं निकाल लिहिलेलाही असायचा. मामंजींना उर्दू जेवढी दुकानापुरती लागते तेवढी यायची. त्यांनी वर्षानुवर्षं तिथं एकच शब्द खर्च केला.

लढाईचे दिवस होते. घासलेट परवान्यावर मिळायचं, आणि पेठेतला तो परवाना मामंजींकडं होता. अशात हैदराबादेहून नवे दुय्यम तालुकदारसाहेब आले. उंच, गोरे, बोलायला फार अदबशीर. चपराशालासुद्धा "मियाँ" म्हणून हाक मारणारे. त्यांना एकच नाद होता, गोल्फचा. हैदराबादेत ते रोज खेळायचे म्हणे. इथं आल्यावर संध्याकाळी काय करावं हे त्यांना कळेना. घोड्यावरून फिरताना त्यांनी माळ पाहिला आणि त्यांचं मन तिथं बसलं. ठराव आला: माळावर गोल्फचं मैदान करावं, कमिटीनं जागा द्यावी, अंमलदारांचा क्लब ते सांभाळेल.

पेशकारानं ठराव वाचला. साहेबांनी आपण होऊन खेळ समजावून सांगितला. लांब काठीनं चेंडू मारायचा. तो गेला तिथं चालत जायचं. परत मारायचा. असं करत करत तो एका लहानशा खड्ड्यात घालायचा. इथं गवत टिकायचं नाही, म्हणून खड्ड्याभोवती वाळू पसरून ती तेल टाकून दाबायची. सगळे माना डोलवत होते. हिंमतराव म्हणाले, "मंजूर." सगळे म्हणाले, "मंजूर." आणि दाराशी बसलेले माझे सासरेसुद्धा म्हणाले, "मंजूर."

हो, तेही म्हणाले. यात लपवण्यासारखं काही नाही. ते मनापासून म्हणाले. आमच्याकडं खेळाचं मैदान म्हणजे काय? जत्रेत कुस्त्या झाल्या की फड उठतो आणि जागा होती तशी सगळ्यांची. बैल पळवतात, धूळ खाली बसते, जागा सगळ्यांची. चेंडूफळीला पोरं एक काठी रोवतात आणि अंधार पडला की उपटून घरी नेतात. खेळ म्हणजे चार घटकांची गोष्ट, त्यासाठी कुणी जमीन बंद करतं, हे आमच्या कसब्यात कुणाच्या बापजन्मी ऐकलेलं नव्हतं. मामंजींना वाटलं, साहेब खेळतील, गुरं बाजूला होतील, साहेब गेले की परत येतील. घरी येऊन त्यांनी ती बातमी सासूबाईंना सांगितली, तेव्हा सासूबाईंनाही काही वावगं वाटलं नाही. त्यांना फक्त खेळाचं हसू आलं.

"सापडलेला चेंडू परत कशाला फेकायचा?" त्या म्हणाल्या. "आन् वाळूला तेल? हितं दिव्याला न्हाय, आन् वाळूला?"

थोड्याच दिवसांत गाड्या आल्या. आधी दगड, चांगले घडवलेले, माळाच्या चारी बाजूंनी ओळीनं पुरले. मग काटेरी तारेची भेंडोळी आली आणि तहसीलच्या आवारात पडली. गजराबाई आपली गाय घेऊन माळावर गेली, तर चपराशानं तिला दगडांबाहेर थांबवलं. "पक्का ठराव झाला की तार लागणार," तो म्हणाला, "मग क्लबाची माणसं सोडून कुणी आत यायचं नाही." गजराबाई गाय तशीच आमच्या दुकानापुढं घेऊन आली आणि रस्त्यात उभी राहून तिनं विचारलं, "अप्पा, माळ दिऊन टाकला म्हणं तुमी?"

मामंजी कचेरीत गेले. पेशकाराला विचारलं. पेशकारानं सांगितलं की बातमी खरी आहे. साहेब कमिटीला घेऊन जागेचा मुआयना करतील, जागा नजरेखालून घालतील, त्यानंतरच्या बैठकीत पक्की मंजुरी. तोवर कच्ची. "पण कच्ची काय, पक्की काय," पेशकार म्हणाला, "तुम्ही मंजूर म्हटलंयच की, शेठ."

त्या संध्याकाळी सासूबाई गप्प बसल्या. आमच्या घरात हे कधी झालेलं नव्हतं. त्यांनी भाकरी वाढली, पाणी ठेवलं, भांडी घासली, आणि सगळं झाल्यावर उंबऱ्यात बसून विचारलं, "औंदा कुणाला कुठं बोलवायचं?"

सासूबाई सांगायच्या की मामंजी दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला "काय देऊ" विचारायचंही विसरले.

पुढच्या बैठकीत मुआयन्याची तारीख ठरायची होती. कचेरीचे महिने वेगळे, आमचे वेगळे. कचेरी चालायची आज़ुर, दै, बहमन अशा फसली महिन्यांवर, आम्ही चालायचो चंद्रावर. साहेबांनी विचारलं, बहमनमधली कुठली तारीख सगळ्यांना सोयीची? कुणी काही बोलायच्या आत दाराशी मामंजी उभे राहिले. त्यांना बघून पेशकाराची लेखणीच थांबली.

मामंजींनी एक तारीख सांगितली. मग आपल्या दुकानी उर्दूत म्हणाले, "हुजूर, उस दिन आव. माळ कैसा हय, सब दिखता."

साहेब खूश झाले. मेंबर पहिल्यांदाच बोलला होता, तोही कामाचं. तारीख लिहिली गेली. कमिटीतल्या गावच्या माणसांनी बोटांवर हिशोब केला आणि एकमेकांकडं पाहिलं. ती येळवस होती. कुणी काही बोललं नाही. कुणाला साहेबाच्या तोंडी लागायचं नव्हतं, आणि काहींना तर गंमतच बघायची होती. हिंमतरावांनी मात्र मान वळवून दाराशी बसलेल्या माणसाकडं बराच वेळ पाहिलं, असं वकिलांनी मला पुढं सांगितलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी क्लबाच्या माणसांनी माळावर जागोजागी लाल निशाणं रोवली, खड्डे कुठं येणार ते दाखवायला. सासूबाईंनी सकाळी जाऊन बरोबर एका निशाणाशेजारी खोप उभी केली. निशाण उपटलं नाही. "राहू दे की," त्या म्हणाल्या, "शोभा हाय." चपराशी कुठं होता? तो आपल्या मेव्हण्याच्या रानात आंबील पीत होता. त्या दिवशी दगडांपाशी पहारा द्यायला कसब्यात माणूसच नव्हता.

साहेब घोड्यावर आले. बरोबर पेशकार, मागून टांग्यात वकील आणि कापडवाले. हिंमतराव आले नाहीत, त्यांच्या रानात पाहुणे होते. माळभर खोपी होत्या, धूर होता, बायका वाढत होत्या, म्हातारे घोंगड्यांवर लवंडले होते, आणि साहेबांच्या प्रत्येक निशाणाभोवती कुणी ना कुणी जेवत होतं. साहेबांनी घोडा दगडांच्या ओळीवरून सरळ आत घातला. त्यांना रीत कुठं ठाऊक होती? माळावरच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. बोलावल्याशिवाय आत आलेला हा पहिला पाहुणा.

"ये सब क्या है?" साहेबांचा आवाज चढला होता. "किसकी इजाज़त से बैठे हैं?"

पेशकार मामंजींकडं बघायला लागला. मामंजी पटका सावरत पुढं झाले. मग सासूबाई पदर खोचून घोड्यापुढं आल्या. "बर्री," त्या म्हणाल्या. आणि साहेबांना थोडं तरी कळावं म्हणून मराठीत, "या. आधी उतरा. राग जेवल्यावर करा."

साहेब उतरले. मला नेहमी वाटतं, इथंच त्या माणसाचं पाणी दिसलं. दुसरा कुणी असता तर घोडा खोपीवर घातला असता. ते घोंगडीवर बसले, बूट काढून. सासूबाईंनी भज्जी वाढली, उंडा मोडून दिला, मातीच्या वाडग्यात आंबील ओतली. साहेबांनी एक घोट घेतला, थांबले, आणि वाडगा रिकामा करूनच खाली ठेवला. सासूबाईंनी लगेच परत भरला. त्यावर ते हसले.

मग त्यांनी मामंजींना विचारलं, "ज़मीन किसकी है?"

"सरकारची, हुजूर," मामंजी म्हणाले. "आज आमची."

"आज क्यों?"

मामंजींनी तोडक्यामोडक्या भाषेत जमेल तसं सांगितलं. ज्यांना रान आहे ते आज आपल्या रानात आहेत. ज्यांना नाही ते इथं. साहेबांनी विचारलं, मग त्यांना रानवाले बोलावत नाहीत का? बोलावतात, मामंजी म्हणाले, मोठ्या मनानं बोलावतात. साहेबांना कोडं पडलं. बोलावतात, जेवायला घालतात, मग अडचण काय?

मामंजींना ते तेव्हा सांगता आलं नाही. साहेब उठले, हात धुतले, सासूबाईंना वाकून आदाब केला. जाताना अदबीनंच म्हणाले की बैठक ठरल्या दिवशी होईल, ज्याला जे सांगायचं ते तिथं सांगावं. जेवणानं त्यांचा विचार बदलला नव्हता. लाल निशाणं होती तिथंच राहिली.

बैठकीच्या आधी पेशकार दुकानात आला. गुळाचा खडा तोंडात टाकला, इकडंतिकडंचं बोलला, आणि उठताना घासलेटच्या डब्यांवर हात फिरवून म्हणाला, "परवाना सांभाळा, शेठ. पुष्कळ जण मागतायत."

मामंजी घाबरले. घासलेटामुळं दुकान चालायचं, लोक घासलेटाला यायचे आणि मीठमिरची घेऊन जायचे. त्यांनी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई जात्यावर होत्या. दळण न थांबवता म्हणाल्या, "घासलेट गेलं तर करडीचं त्याल जाळू. आपल्या आज्यापंज्यांनी काय अंधारात जेवणं केली?"

बैठक भरली. पेशकारानं पक्का ठराव वाचला. हिंमतराव म्हणाले, "मंजूर." वकील म्हणाले, "मंजूर." कापडवाले, मास्तर, सगळे. पेशकारानं सवयीनं निकाल लिहून टाकला आणि वाळूची डबी उचलली, शाई टिपायला.

"नामंजूर," मामंजी म्हणाले.

मास्तर सांगायचे की आधी कुणाला कळलंच नाही आवाज कुठून आला. मग सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. मामंजी उभे होते. त्यांचे हात पटक्याच्या शेवाशी चाळा करत होते. साहेबांनी शांतपणे विचारलं, "वजह?"

त्या दिवशी माझे सासरे बोलले. उर्दू सुरू केली, ती चालेना म्हणून मराठीवर आले, आणि वकिलांनी साहेबांना सांगितलं तसं साहेब ऐकत गेले.

"हुजूर, ह्यांनी समद्यांनी मंजूर म्हटलं. त्यांचं बराबर हाय, त्यांना रान हाय. तुमी मला इचारलं व्हतं, लोक बोलवत्यात, खाऊ घालत्यात, मग अडचण काय. मला तवा सांगाया जमलं न्हाय. हुजूर, बोलवत्यात तीच अडचण हाय. दरसाल बोलवत्यात. आमी दरसाल जातो. पोटभर जेवतो. आन् घरी येतो तवा मान खाली असती. कुणी काय बोललेलं नसतंय, तरी असती. माणसाला निस्तं जेवाया मिळून भागत न्हाय. त्याला कुणाला तरी 'या' म्हणावं लागतंय. आमाला त्या माळाबिगर दुसरी जागा न्हाय 'या' म्हणाया. माळ गेला तर आमी जलमभर पाव्हणे."

थांबले. मग म्हणाले, "म्या आदी मंजूर म्हटलो, ती माझी चूक. खेळासाठी कुणी जागा बंद करतंय हे मला ठावं नव्हतं. तुमी आमच्या घोंगडीवर जेवलात, हुजूर. पुढच्या साली तुमाला कुठं बोलवू, तेवढं सांगा."

आणि खाली बसले. मला त्या माणसाचा आजही अभिमान वाटतो. ज्यानं आयुष्यभर "बरं" यापलीकडं काही म्हटलं नाही, त्यानं हे म्हटलं.

मग हिंमतराव खाकरले. "पेशकारसाहेब," ते म्हणाले, "माझं खोडा. नामंजूर लिहा."

पेशकारानं साहेबांकडं पाहिलं. मग वकिलांनी घसा साफ करून तेच सांगितलं, मग मास्तरांनी. कापडवाले वारा बघून सगळ्यांत शेवटी वळले. साहेबांना हवं असतं तर त्यांनी प्रकरण वर पाठवून पाहिजे तसा हुकूम आणला असता. त्यांनी फक्त समोरचा कागद पेशकाराकडं सरकवला आणि म्हटलं, "लिखो, मजलिस ने नामंजूर किया." सासूबाई म्हणायच्या, आंबिलाचा गुण. मी म्हणते, माणूस भला होता. त्यानंतर ते कधीमधी संध्याकाळी काठी आणि चेंडू घेऊन माळावर जायचे आणि गुरांमधून वाट काढत एकटेच खेळायचे. गजराबाईची गाय त्यांना ओळखायला लागली होती म्हणे. पुढच्या येळवशीच्या आधीच त्यांची बदली झाली, म्हणून त्यांना परत बोलवायचं राहून गेलं. मामंजींना ती चुटपुट लागून राहिली होती.

तारेची भेंडोळी कुठं तरी दुसरीकडं गेली. दगड मात्र उपटून कोण नेणार? ते तसेच राहिले.

आणि साहेबांची बदली झाली तशी घासलेटचा परवानाही गेला. कुणी काढला, कसा काढला, ते मामंजींनी विचारलं नाही. दुकानाची गर्दी ओसरली.

त्याच साली मी लग्न होऊन त्या घरात आले. माझं माहेर माकणीचं, तेरणेकाठचं. चांगली काळी जमीन, येळवशीला बांधावर पाहुण्यांची रांग. आल्या आल्या मी काय पाहिलं, तर सगळ्या पेठेत कंदील आणि आमच्या घरात करडीच्या तेलाचे दिवे. डोळे चुरचुरायचे. मी मनातल्या मनात वडिलांवर चिडले, कुठल्या घरात दिलं म्हणून. सासूबाईंना ते तोंडावर दिसलं असणार. त्यांनी मला जवळ बसवलं आणि हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "गिरिजे, हा दिवा उगं न्हाय जळत. तुझ्या मामंजीनं मिळवलाय त्यो." मी ऐकून घेतलं. पटलं असं नाही म्हणणार. येळवशीला सरकारी माळावर बसायचं, हे मला माझ्या भावांना सांगायची लाज वाटत होती.

येळवस आली. मी नवी सून, डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन माळावर गेले. खोप झाली, पांडव मांडले, मामंजींनी आंबील शिंपडत फेरी मारली. कुंभार आमच्याकडं जेवले, आम्ही अत्तारांकडची खीर खाल्ली. ऊन चढलं. मी वाढता वाढता सहज वर पाहिलं, तर माळाच्या कडेला माणसं उभी होती.

हिंमतराव होते. सोबत त्यांची बायको, मुलं, सुना, घरची सगळी. साहेबांच्या लोकांनी पुरलेल्या त्या दगडांच्या ओळीपलीकडं, बरोबर कडेला थांबले होते. तिथून कुणीही आत येतं, गुरंसुद्धा येतात. माळ सगळ्यांचा. तरी ते थांबले होते, आणि हिंमतरावांनी वहाणा काढून हातात घेतल्या होत्या.

हिंमतराव हसत नव्हते. "शंकरप्पा," त्यांनी मोठ्यानं विचारलं, "येऊ का तुमच्या रानात?"

मामंजी हातात आंबिलाचा वाडगा घेऊन उभे होते. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी सासूबाईंकडं पाहिलं. ज्या बाईनं साहेबाचा घोडा थांबवून त्याला जेवायला बसवलं होतं, ती आता एका हाकेत हे सहज करू शकली असती. पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना नवऱ्याकडं बघत नुसत्या वाट पाहत होत्या.

"बर्री," मामंजी म्हणाले. ते फक्त आम्हालाच ऐकू आलं. मग त्यांनी वाडगा माझ्या हातात दिला, दगडांच्या दिशेनं पुढं झाले आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडले, "बर्री, हिंमतराव! समदे बर्री!"

मी पळत जाऊन दुसरी घोंगडी पसरली.